वीतभर उत्तर

विद्यापीठाचे पेपर तपासताना माझ्या शेजारी बसणारे सर उत्तर वाचत नाहीत, मोजतात. अंगठा पहिल्या ओळीवर, करंगळी शेवटच्या ओळीवर. वीतभर भरलं की आठ गुण. कापड मोजणारा दुकानदारसुद्धा आधी पोत बघतो, यांना तेवढाही त्रास नको. आज एका मुलाचं उत्तर सहाच ओळींचं होतं, पण त्यात सगळं होतं. सरांनी दोन गुण दिले.

मी म्हटलं, "सर, वाचा तरी."

"अहो, येत असतं तर पान भरलं नसतं का?"

वर्गात हेच सर वर्षभर ओरडतात, "मुद्द्याचंच लिहा." त्या मुलानं बिचाऱ्यानं ऐकलं.

सरांनी बोट जिभेला लावून पान उलटलं. त्या सहा ओळींपर्यंत त्यांची थुंकी पोचली, नजर नाही.