शिऱ्यातला बदाम आणि सायनाइड

सौंसरहून पाहुणे मला बघायला आले, त्या दुपारी पृथ्वीवर जीव कसा आला हे मी त्यांना समजावून सांगितलं. तेवढं एक करायला नको होतं, असं आई अजूनही म्हणते.

मी तेव्हा पांढुर्ण्याच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. मुलगा विजेच्या खात्यात, वडिलांची संत्र्याची बाग. बैठकीत तो, त्याचे आईवडील, आत्या आणि माझे बाबा बसले होते. पोहे झाले होते, चहा हातात होता. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "काय शिकवून राहिली सध्या पोरांना?"

नुसतं 'रसायन' म्हणून मी गप्प बसायचं. पण डोक्यात तोच धडा घोळत होता.

"काकाजी, आपल्या पेशीत एक लिपी असते. तिच्यामुळेच तुमचं नाक तुमच्या मुलाला आलं. त्या लिपीतली अक्षरं पहिल्यांदा बनली कशी, ते शिकवते."

त्यांनी नाक चाचपून पाहिलं. "मंग, कशी बनली?"

"नक्की कोणालाच माहीत नाही. पण त्यातलं ॲडेनिन नावाचं अक्षर सायनाइडपासून बनू शकतं. त्याचे पाच रेणू जुळले की झालं."

"सायनाइड म्हणजे ते विष?" आत्यांनी विचारलं.

"हो. पण ॲडेनिन झाल्यावर ते विष राहत नाही."

"तू शाळेत बनवते का वं?"

"नाही आत्या. आमच्या शाळेत साध्या परीक्षानळ्या पुरत नाहीत."

बाबा खाकरले. आत्यांनी कप खाली ठेवला. त्यांचं पाहून मुलाच्या आईनंही ठेवला.

"वास येते का त्याचा?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. फवारणीची औषधं वासावरून ओळखणारा माणूस.

"कडू बदामासारखा येतो म्हणतात."

तेवढ्यात आई आतून शिरा घेऊन आली. मिक्सरच्या आवाजात तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. "घ्या न जी," ती म्हणाली, "खास बदामाचा इसेन्स टाकला."

कोणी हात पुढे केला नाही. पाहुणे लाजतात असं समजून आईनं आत्यांच्या बशीत डोंगर केला.

"मले उपास हाय," आत्या म्हणाल्या. पोह्यांची रिकामी बशी त्यांच्यासमोरच होती. "आत्ताच धरला."

मुलानं मात्र बशी उचलली आणि खायला लागला. उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसे सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"कसं वाटून राहिलं बापा?" त्याच्या आईनं विचारलं.

"साखर कमी हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "पण ते पाच रेणू आपोआप जुळले कसे?"

"अमोनिया, पाणी आणि भरपूर वेळ," मी म्हटलं. मला एकदम फार बरं वाटलं.

"अमोनिया म्हणजे गोठ्यात येते तोच वास न?" त्याच्या वडिलांनी शिऱ्याची बशी ओढली. "मंग आमच्या गोठ्यात तर रोजच जीव बनत असन."

तसं का होत नाही, हे मी सांगणार होते. बाबांनी माझ्या पायावर पाय ठेवला.

होकार आला, लग्नही झालं. विज्ञानाच्या बाजूनं उभा राहणारा एक माणूस मला मिळाला, असं मी पुष्कळ दिवस सगळ्यांना सांगत होते. मग एकदा यांनाच विचारलं, "त्या दिवशी भीती नाही वाटली?"

"वाटली न," हे म्हणाले. "पण पोहे लाजून सोडले होते. भूक लई लागली होती."