मधल्या मजल्यावरचा डबा

"दत्तोबाच्या घरात? तिथं न्हाय ठिवायचा. दुसरी जागा हुडक."

"आई, दुसरी जागा नाहीये," तेजस म्हणाला. "खाली गिरणीत वायफायचा एक डबा, वर आमच्याकडे एक. मधल्या मजल्यावर एक लागणारच. हे एकमेकांना नेट पोचवतात."

मुक्ताईनं पिठाचे हात झटकले. धायरीतलं तिचं घर तीन मजल्यांचं. वाटणीत खालची गिरणी आणि वरचा मजला तिच्याकडं आला, मधला दीर दत्तोबाकडं. तवापासून दत्तोबा दळण लांबच्या गिरणीतून आणायचा, आणि जिन्यात पिशवी मुक्ताईला दिसंल अशी धरायचा. बोलणं बंद. गेल्या साली नेटची वायर त्याच्या गॅलरीवरनं वर नेली होती. त्यानं तिच्यावर ओल्या गोधड्या वाळत घालून ती तोडली.

तरी मुक्ताईनं आधी जिन्यातच डबा ठिवून बघितला. पीठ बसू नये म्हणून वरनं लोखंडी घमेलं पालथं घातलं. वर सून सृष्टीची ऑनलाइन मीटिंग चालली होती, ती तिथंच गोठली.

"आई, पत्र्याखालून सिग्नल कसा येणार?" सृष्टी खाली येऊन शांतपणे म्हणाली. घमेलं काढलं, तरी भिंत आडवी आलीच. "राहू द्या. हिंजवडीत एक फ्लॅट बघितलाय आम्ही. एक तारखेला जाऊ."

मुक्ताईनं मनात हिशेब मांडला. पोरं गेली की वरचा मजला रिकामा, आणि रिकाम्या मजल्यावर दत्तोबा आधी गोधड्या वाळत घालणार, मग हक्क सांगणार. आन् संध्याकाळी भाकरी थापायची कुणासाठी?

तिनं डबा पदराखाली घेतला आणि जिना चढली.

"भावजी, हाय का घरात?"

"कोण आलंय?" जाळीच्या दारातून सगळं दिसत असूनही दत्तोबानं विचारलं.

"तुमची भावजय. ह्यो डबा तुमच्या शोकेसात ठिवायचाय. खायाला मागत न्हाय."

"लाइट खातो की. आन् मला काय त्याचं?"

"नेट वापरा की फुकट. पासवर्ड सांगते."

"त्यो हाय माझ्याकडं," दत्तोबा टीव्हीवरची कुस्ती बघत म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्याचं नाव आन् गिरणी सुरू झाली त्ये साल. तुमच्या पोराची अक्कल काय मला ठाऊक न्हाय व्हय?"

मुक्ताईनं टीव्हीकडं बघितलं. वरसभर ही कुस्ती तिच्याच गिरणीतल्या नेटवर चालली होती तर. राग टाळूपर्यंत गेला, पण तिनं तो तिथंच थोपवला.

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "आज पासवर्ड बदलायचाच हाय. नव्या डब्याला नवा."

दत्तोबानं आवाज बारीक केला. टीव्हीत एका पैलवानाची पाठ टेकत आली होती.

"शोकेसात नको," तो म्हणाला. "काच हाय तिथं, आन् मागं स्टीलची ताटं. हितं टीव्हीशेजारी ठिवा. पण दुपारी मी समदी बटनं बंद करून झोपतो."

"डब्याचं बटन चालूच ऱ्हाईल. त्यो झोपला की तुमची कुस्तीबी झोपली."

"बरं. माझी ज्वारी मातर आज दळायची. आधी."

"रांग हाय, भावजी."

तासाभरानं वरनं सृष्टीचं इंग्रजी न अडखळता ऐकू यायला लागलं. फ्लॅटचं नाव कुणी काढलं नाही. दत्तोबा पिशवी घेऊन खाली उतरला आणि रांगेत शेवटी उभा राहिला.

"बारीक दळा, वहिनी. लांबचा जाडं दळतो."

"गप उभं ऱ्हावा," मुक्ताई म्हणाली. तिनं गिरणीचं बटन दाबलं आणि पहिल्या बाईचे गहू वर ओतले.