आबांच्या टोपीतला उजेड

माझ्या मेव्हण्याचं लग्न माझ्या फोटोग्राफीमुळे जमलं. हे वाक्य मी सासुरवाडीत मोठ्यानं उच्चारलं, की घरातल्या प्रत्येकाला एकदम काही ना काही काम आठवतं.

भोरला माझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे विजेवर चालणारी कुठलीही वस्तू आपलं ऐकते, असा माझा समज. (गिऱ्हाइकांचा समज वेगळा आहे, पण तो विषय इथं नको.) गेल्या वर्षी मी एक जुना कॅमेरा आणि एक नवा फ्लॅश घेतला आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकायला लागलो. त्यातून मला पहिलं ज्ञान झालं ते असं, की फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावणं हा निव्वळ अडाणीपणा! फ्लॅश काढून बाजूला, लांब धरायचा. मग चेहऱ्यावर एका अंगानं उजेड पडतो, दुसऱ्या अंगाला सावली राहते आणि साधा माणूससुद्धा विचारवंत दिसतो. मी आठवडाभर एका दुधी भोपळ्यावर सराव केला. शेवटी तो इतका विचारवंत दिसायला लागला, की त्याची भाजी करताना माझ्या बायकोचा, कल्पनाचा, हात थबकला. (मग तिनं केली. आणि चांगली झाली.)

तेवढ्यात पासलीहून, म्हणजे माझ्या सासुरवाडीहून, फोन आला. कल्पनाचा धाकटा भाऊ नवनाथ याचं लग्न जमत नव्हतं. पोरगा कष्टाळू, निर्व्यसनी. भातशेती करतो, म्हशी सांभाळतो. आणि नेमकं तेच आडवं येत होतं! मुलीकडचे पहिला प्रश्न विचारायचे, "पुण्यात काय आहे?" नवनाथ प्रामाणिकपणे सांगायचा, "ट्रॅफिक." पुढचा प्रश्न येत नसे.

त्यात एका स्टुडिओवाल्यानं घोटाळा केला होता. त्यानं बायोडाट्यासाठी काढलेल्या फोटोत नवनाथ इतका गोरा केला, की बघायला आलेल्या पाव्हण्यांनी खुद्द नवनाथच्या हातून पोह्यांची बशी घेतली आणि विचारलं, "नवरदेव कुठं बाहेर गेलेत का?" नवनाथनं नुसती मान हलवली आणि आत जाऊन बसला, तो पाव्हणे जाईपर्यंत बाहेरच आला नाही.

आता विंझरच्या बबनतात्यांनी एक स्थळ आणलं होतं. बबनतात्या आमच्या भागात लग्नं जुळवतात. मुलगी किकवीची, प्रियांका नाव, गावातल्या दूध संकलन केंद्रावर कामाला. तात्यांनी निरोप धाडला होता, "आज संध्याकाळच्या आत पोराचा फोटो पाठवा. उद्या सकाळी ती मंडळी दुसरं स्थळ बघायला निघतायत. आन् मागचा गोरा नगं. खरा पाठवा!"

"मी काढतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" कल्पना म्हणाली. त्या एका शब्दात आमच्या संसाराचा सगळा इतिहास होता.

दुपारी पासलीला पोचलो. नवनाथ तयार होता. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर गॉगल, हाताची घडी, मागं शेजाऱ्याची बुलेट. मी गॉगल काढायला लावला आणि बुलेट परत पाठवली.

"दाजी, मग उरलं काय?" नवनाथ काळजीनं म्हणाला.

"तू!"

"म्हंजे अवघडच हाय."

पहिल्या फोटोला माझं फ्लॅशच्या ताकदीचं गणित जरा चुकलं. नवनाथ थेट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा आला. दुसऱ्या वेळी मी फ्लॅश खाली, उपड्या घमेल्यावर ठेवला. उजेड हनुवटीखालून वर चढला आणि जत्रेतल्या सोंगातला राक्षस तयार झाला. सासूबाईंनी कॅमेऱ्यात डोकावून बघितलं, आत गेल्या आणि मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. मुलाची दृष्ट काढली. मग थोडा विचार करून कॅमेऱ्याचीही काढली.

इथं एक अडचण सांगायला हवी. मी पडलो जावई. जावयाला चुकलं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. तिसरा फोटो मी कौतुकानं सासूबाईंना दाखवला.

"लई झ्याक आलाय!" त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं, हळूच, "कोण हाय?"

चौथ्यात एक गाल उजळला आणि दुसरा पार काळोखात गेला. म्हणजे अगदी व्हिडिओत दाखवलं होतं तस्सं! पण कल्पना म्हणाली, "अर्धाच नवरा पाठवताय? उरलेला काय हप्त्यानं देणार?"

मग मला ज्ञान क्रमांक दोन आठवलं. उजेड कडक पडत असेल तर फ्लॅशच्या तोंडावर पांढरं कापड लावायचं, म्हणजे तो मऊ होतो. मी घरभर पांढरं कापड शोधलं. शेतकऱ्याच्या घरात पांढरं काय असणार? रुमाल मातकट, चादर फुलाफुलांची. तेवढ्यात माझी नजर आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, डोक्यावर गेली. पांढरीशुभ्र, निळीतून काढलेली, कडक टोपी. आकारही असा, की जणू फ्लॅशच्याच मापानं शिवलेली!

"आबा," मी म्हणालो, "जरा टोपी मिळेल का?"

अंगणातल्या कोंबड्यासुद्धा थांबल्या, असं मला वाटलं. आबांना बोडक्या डोक्यानं गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. कल्पनासुद्धा म्हणाली, की तिनं एकदाच पाहिलं होतं, तेही वादळात.

"टोपी?" आबा म्हणाले.

"फ्लॅशला घालायचीय."

आबांनी आधी फ्लॅशकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग लेकाकडे. पोराच्या लग्नाचा प्रश्न होता. त्यांनी सावकाश टोपी काढली. कपाळाच्या वर, जिथं कधी ऊन पोचलंच नव्हतं, तिथं असा काही लख्ख पट्टा निघाला, की फोटो त्याचाच काढावा. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. रडू आलं की हसू, ते मी विचारलं नाही.

टोपी फ्लॅशवर गच्च बसली. फ्लॅश मी आंबे उतरवायच्या आकडीच्या टोकाला सुतळीनं बांधला. आता ती आकडी धरायला भरवशाचं माणूस हवं. आबा म्हणाले, "माझी टोपी हाय. म्याच धरतो."

"आबा, एकच लक्षात ठेवा. उजेडाचं तोंड नवनाथकडंच. बाकी जग बुडालं तरी."

"व्हय, व्हय. बुडू दे."

आता माझं ज्ञान क्रमांक तीन. मागचा पसारा दिसू नये म्हणून कॅमेऱ्यात असं सेटिंग करतात, की भर दिवसासुद्धा फक्त फ्लॅशचा उजेड पडेल तेवढंच फोटोत यावं, बाकी सगळं काळं. मी ते केलं. नवनाथ पडवीच्या सावलीत उभा राहिला, डाव्या हाताला आकडी घेऊन आबा, समोर मी. आणि काय सांगू! पहिलाच फोटो असा आला, की माझे मलाच डोळे भरून आले. मऊ उजेड, शांत चेहरा, डोळ्यांत एक ठिपका चमकतोय. नवनाथ नवनाथसारखाच दिसत होता, फक्त जरा झोप झालेला.

"आता थांबा," कल्पना म्हणाली.

शहाणा माणूस थांबला असता. मी म्हणालो, "अजून एक. सेफ्टीसाठी."

मोगरा ही आमच्या सासुरवाडीची म्हैस. काळी कुळकुळीत, म्हणून नाव मोगरा. नुकतीच ओढ्यात डुंबून आलेली. तिनं दावं सोडवून घेतलं होतं आणि ती पडवीमागच्या खळ्यावर वाळत घातलेल्या भाताला तोंड लावत होती. मी "रेडी" म्हणालो, नवनाथ हसला, मी बटण दाबलं आणि नेमक्या त्याच क्षणी आबा गर्रकन मागं वळून ओरडले, "हैऽऽक! मोगरेऽऽ! भात खाती व्हय गं!"

आबा वळले. आबांबरोबर आकडी वळली. आकडीबरोबर टोपी वळली. आणि उजेड वळला.

त्या फोटोत पुढं नवनाथ होता, म्हणजे नवनाथच्या आकाराचा काळोख होता. आणि त्याच्या खांद्यामागून मोगरा बघत होती. काय सांगू तो उजेड! अंगावरचा पाण्याचा थेंबन्‌थेंब चमकत होता, शिंगांची वळणं झळकत होती, तोंडात भाताच्या दोन लोंब्या होत्या आणि चेहऱ्यावर भाव असा, की आपल्याला कुणीतरी अखेर ओळखलं! माझ्या आयुष्यात मी काढलेलं हे सर्वोत्कृष्ट पोर्ट्रेट. आजही आहे.

आम्ही पोटभर हसलो. मग मी दोन्ही फोटो मोबाईलवर घेतले आणि मारुतीच्या देवळामागच्या धोंड्यावर गेलो, कारण पासलीत भरवशाची रेंज तिथंच; घरी आली तर आली. ऊन थेट मोबाईलच्या काचेवर. स्क्रीनवर मला फोटोऐवजी माझंच तोंड दिसत होतं. अंदाजानं फोटो निवडला, खाली झोकात लिहिलं, "स्वभावानं शांत, निर्व्यसनी, घरच्या कामात तरबेज. सर्वांना आवडेल," आणि बबनतात्यांना पाठवून दिला. तात्यांनी म्हणे तसाच्या तसा किकवीला पुढं ढकलला.

घरी येऊन मोठ्या रुबाबात मोबाईल कल्पनाच्या हातात दिला. तिनं बघितलं. पुन्हा बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही म्हशीचं स्थळ पाठवलंत."

मी तसाच धोंड्याकडे पळालो. वाटेत एकच विचार: पाठवलेला फोटो काढून टाकता येतो! घाम डोळ्यांत उतरत होता. बटण दाबलं. फोटो नाहीसा झाला! मी हुश्श केलं आणि परत आलो.

"दोघांकडचा काढलात ना?" कल्पनानं विचारलं.

"म्हणजे?"

मी फक्त माझ्या मोबाईलमधून काढला होता. म्हणजे आता तो फोटो सगळ्या जगाकडे होता, फक्त माझ्याकडे नव्हता!

दुसरा, चांगला फोटो लगेच पाठवावा, तर धोंड्यावरचीही रेंज गेली. नवनाथ गोठ्यात जाऊन मोगराशेजारी बसला. मला ते जास्त लागलं. पोरानं आधीच कितीदा तरी खाली मान घातली होती, आणि आता पुन्हा घालायला लावणारा मी, त्याचा दाजी. आबांना टोपी परत दिली, तर त्यांनी ती झटकून डोक्यावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "पाव्हणं, च्या घ्या." जावई असल्याची लाज मला इतकी कधी वाटली नव्हती.

अंधार पडता पडता चक्क घरात रेंज आली आणि तिच्याबरोबर बबनतात्यांचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"पाव्हणं, किकवीहून इचारत्यात."

"तात्या, ते चुकून..."

"म्हस कुणाची हाय?"

आबा पुढं सरसावून म्हणाले, "आमची! घरची हाय!"

"मग ते उद्या तिकडं जात न्हाईत. तुमच्याकडं येत्यात."

फोन बंद झाला. नवनाथ गोठ्याच्या दारात उभा होता. म्हणाला, "दाजी, ते म्हस बघायला येणार का मला?"

मी रात्रभर कूस बदलत राहिलो. ते म्हैस मागायला आले तर? आबा तर ती देणार नाहीत. मग आणखी एक बोलणं मोडणार, तेही म्हशीवरून! हे असं पासलीत आजवर झालं नव्हतं.

सकाळी मंडळी आली. प्रियांका, तिचे वडील आणि बबनतात्या. पोरगी ओसरीवर बसली नाही. "मोगरा कुठंय?" म्हणाली आणि सरळ गोठ्यात. आम्ही सगळे मागं.

"कितवं वेत?"

"तिसरं. ह्ये बघा यंदाचं रेडकू," नवनाथ म्हणाला.

"फॅट किती लागतं?"

"सात. पर हिरवा चारा वाढला की जरा उतरतं. मग आमी सरकी देतो."

आणि नवनाथ बोलतच सुटला! पुण्यात काय आहे, असं विचारल्यावर एका शब्दात आटपणारा हा पोरगा मोगरा कधी रुसते, कधी पान्हा चोरते, धार काढताना कुठलं गाणं म्हटलं की पान्हा सोडते, हे सगळं सांगत होता. ती ऐकत होती, मध्येच हसत होती. मोगरा दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

शेवटी ओसरीवर चहा आला तेव्हा प्रियांकाच्या वडिलांनी विचारलं, "सगळं झ्याक हाय. पर फोटूत पोराचं त्वांड का न्हवतं?"

घरातल्या सगळ्या माना एकाच वेळी माझ्याकडे वळल्या. मी बशीत बघायला लागलो.

प्रियांकाच म्हणाली, "आप्पा, तोंड न्हवतं म्हणून तर मी आले. बाकीच्यांची दिसली होती."

तुळशीच्या लग्नानंतर यांचंही लागलं. फोटोला भोरचा फोटोग्राफर बोलावला होता. माझा कॅमेरा सासूबाईंनी "चोरी नको व्हायला" म्हणून तांदळाच्या कणगीत खोल ठेवला होता आणि अक्षता पडून गेल्यावरच काढून दिला. आबांनी त्या दिवशी नवी टोपी घातली होती. मी जवळ आलो की ते तिच्यावर हात ठेवत.

पण माझं नाव झालं ते झालंच. पार वेल्ह्यापर्यंत बातमी गेली. अजूनही लग्न न जमलेल्या पोरांचे आईबाप दुकानात येतात, मिक्सर दुरुस्तीचं निमित्त काढतात आणि हळूच म्हणतात, "आमच्या पोराचाबी काढा की एक. त्वांड न दिसणारा."

पण दरम्यान मी नेटानं सराव केलाय. आता माझा उजेड बरोबर पडतो. प्रत्येकाचा चेहरा अगदी स्पष्ट, जसा आहे तस्सा येतो. तेव्हापासून एकाचंही लग्न जमलेलं नाही!