हुणसूरची साडेपाचची बस

पुण्याहून म्हैसूरला निघाले तेव्हा पिशवीत चार कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि डोक्यात लेखाची पहिली दोन पानं तयार होती. जॉनी माने हा आमच्या कॉलेजच्या दिवसांतला देव. देव म्हणजे खरोखरच देव! खोलीच्या भिंतीवर आईने गणपती लावला होता, त्याच्या शेजारी मी जॉनी लावला होता. म्हैसूरच्या जुन्या संस्थानी फौजेतल्या मराठ्यांच्या घरचा हा मुलगा पुण्याला इंजिनिअर व्हायला आला, यथासांग नापास झाला आणि ‘आगडोंब’ नावाचा बँड काढून मराठीत रॉक गायला लागला.

त्याच्याविषयीच्या गोष्टी आम्हाला पाठ होत्या. भर कार्यक्रमात त्याने गिटार आपटून फोडली. त्याने लग्न केलं नाही. ऐन भरात गाणं सोडून तो गायब झाला आणि एका संध्याकाळी श्रीरंगपट्टणच्या संगमावर, गिटार पाठीला बांधून, कावेरीत चालत गेला. आता एका दिवाळी अंकाला त्याचं ‘पुनर्मूल्यांकन’ हवं होतं. मी म्हटलं, माझ्याइतकी त्याची माहिती दुसऱ्या कोणाला असणार? केवढा हा तोरा! पुढे तो असा काही उतरला की विचारू नका.

म्हैसूरला उतरले त्या दिवशी पितृपक्षातली नवमी होती. दसरा तोंडावर आलेला, रस्त्यांवर दिव्यांच्या माळा चढत होत्या. माझी रिक्षा एका चौकात थांबली ती थांबलीच. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि शांतपणे म्हणाला, “आने बर्ता इदे” (हत्ती येतोय). मिरवणुकीचा सराव करणारे हत्ती खरंच आले, एकामागून एक, कोणाचीही पर्वा न करता. कुवेंपुनगरला मैत्रिणीच्या घरी पोहोचायला मला पाऊण तास उशीर झाला.

ही माझी मैत्रीण शैला, नवऱ्याच्या नोकरीमुळे वीस वर्षांपूर्वी इथे आलेली. फिल्टर कॉफी आणि गरम खारा बात (तिखट उपमा) पुढे ठेवून ती म्हणाली, “जॉनीच्या बायकोशी बोलून ठेवलंय मी. अकरा वाजता बोलावलंय.”

“कोणाच्या बायकोशी?”

“अगं, तुझ्या जॉनीच्या. सरोजाबाई. अग्रहारात राहतात. मुलगा आहे अठ्ठावीसचा, किरण. इथेच कंपनीत आहे.”

घास हातात तसाच राहिला. बायको? मुलगा? माझ्या तयार दोन पानांपैकी दीड पान त्याच्या एकटेपणावर होतं. शैलाला माझं तोंड पाहून हसू आवरेना. “तुमच्या देवाला संसार वर्ज्य होता वाटतं?” ती म्हणाली.

अग्रहार म्हणजे जुन्या गावातली दाट वस्ती. घराला घर लागलेलं, मध्येच देऊळ, मध्येच फुलांचं दुकान. ‘जनार्दन माने’ अशी जॉनीच्या खऱ्या नावाची पाटी होती, तिच्याखाली दारातच सरोजाबाई उभ्या होत्या. साठीच्या, बुटक्या, नाकात खड्याची मोरणी. “या, या, बन्नि. ऊन लागलं ना? बसा की,” म्हणाल्या. किरणने सुट्टी घेतली होती. उंच, कपाळ थेट बापाचं. मला एकदम भरून आलं.

मी फुटलेल्या गिटारपासून सुरुवात केली. सरोजाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “फोडली कुठली ताई! पट्टा तुटला आणि पडली. उसनी आणलेली ती. रडकुंडीला आले होते आमचे हे.” मग गाणं का सोडलं? उजव्या कानात सारखी शिट्टी वाजायची, त्या मोठमोठ्या स्पीकरांमुळे. डॉक्टर म्हणाले, सोड नाहीतर दुसराही कान जाईल. सोडलं. हुणसूरला एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून लागला. सकाळी सरकारी बसने जायचं, संध्याकाळी साडेपाचच्या बसने यायचं. गिटार होती की घरी. रविवारी तारा पुसायचे, म्हणाल्या.

मी वहीत लिहीत होते आणि आतून हादरत होते. आमचा आगडोंब डबा घेऊन कामाला जात होता!

“आणि संगमावर?” मी विचारलं.

खोलीतली हवाच बदलली. सरोजाबाईंचं हसू मावळलं. “संगम नाही, काही नाही,” त्या म्हणाल्या. “बसमध्येच गेले. हार्ट. स्टँडवर सगळे उतरले, हे खिडकीला टेकून तसेच. कंडक्टरला वाटलं झोपलेत. मांडीवर डबा होता, आणि याच्यासाठी घेतलेली उकडलेल्या कडलेकाईची (भुईमुगाच्या शेंगांची) पुडी. मी पोचले तेव्हा पुडी गरम होती ताई.”

“अम्मा, बस,” किरण हळूच म्हणाला. मग माझ्याकडे वळून तुटक्या मराठीत, मध्येमध्ये कानडीत शिरत बोलला. “मॅडम, अम्मा असंच सांगते. मी चार वर्षांचा होतो, मला दुःख नको म्हणून. पण मला निजा (खरं) माहीत आहे. पंधराव्या वर्षी वाचलं मी.”

तो आत गेला आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेली चार पानांची झेरॉक्स घेऊन आला. एका जुन्या दिवाळी अंकातली. ‘कावेरीने नेलेला सूर’. वर लेखिकेचं नाव होतं.

ते नाव माझं होतं. माझं माहेरचं नाव.

त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी मी तो लेख लिहिला होता. जॉनी गेला एवढीच बातमी पुण्याला आली होती, कसा ते कोणाला ठाऊक नव्हतं. कोणीतरी चहाच्या टपरीवर म्हणालं, नदीबिदी काहीतरी ऐकलं बुवा. बाकीचं मी रचलं. तेवीस वर्षं लोक तेच सांगत आले आणि मीही, देवाशपथ सांगते, ते खरंच मानायला लागले होते.

किरण एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “यात हरिगोलवाला (टोपलीसारखी गोल नाव चालवणारा) आहे बघा. त्याने पाहिलं अप्पांना जाताना. तीन उन्हाळे मी संगमावर गेलो मॅडम. सगळ्या हरिगोलवाल्यांना विचारलं. सगळे म्हणाले गोत्तिल्ला (माहीत नाही). मेला असेल तो.”

सरोजाबाई खाली बघून म्हणाल्या, “तेव्हापासून हा त्यांचं श्राद्ध घातचतुर्दशीला करतो.” ही तिथी कोणाची, ते मला सांगायला नको होतं. अपघातात, पाण्यात, जीव देऊन गेलेल्यांची. “ते गेले दशमीला. मी उद्या माझी एकटी पान वाढते. हा चार दिवसांनी भटजी बोलावून वेगळं करतो. एका घरात एका माणसाचं दोनदा! बारा वर्षं झाली. मी सांगते ते सुळ्ळु (खोटं), आणि पेपरातलं खरं.”

मी गप्प बसू शकत होते. माझं नाव बदललं होतं, केस पांढरे झाले होते, कोणी ओळखलं नसतं. कॉफी पिऊन, नमस्कार करून निघाले असते तर पुण्यात कुणाच्या बापाला कळलं नसतं. कबूल करते, तसं निघावं असं क्षणभर वाटलंसुद्धा.

“किरण,” मी म्हटलं, “हा लेख माझा आहे.”

त्याला कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. “मी लिहिलाय. तेव्हा मी म्हैसूर पाहिलंसुद्धा नव्हतं. संगम नकाशावर शोधला. हरिगोलवाला नव्हताच रे. कोणीच काही पाहिलं नाही. मी मनाने रचलं.”

“का?” तो म्हणाला.

मी काय सांगणार? लेख बरा दिसावा म्हणून. आमच्या देवाला साधं मरण शोभणार नाही असं वाटलं म्हणून. “बरं दिसतं म्हणून,” एवढंच तोंडातून आलं. याहून लाजिरवाणं वाक्य मी आयुष्यात बोलले नाही.

तो उठून बाहेर निघून गेला. सरोजाबाई माझ्याकडे पाहतही नव्हत्या. त्यांनी माझा पेला उचलला, आत नेला, घासल्याचा आवाज आला. मी चपला घालून निघाले. अग्रहारातून कुवेंपुनगरपर्यंत चालतच गेले. चुकले, विचारत गेले, पाय दुखले, बरं वाटलं. शैलाने जेवायला वाढलं, पण अन्न गोड लागेना.

संध्याकाळी फोन आला. सरोजाबाईच होत्या. “उद्या बाराला या जेवायला. याने भटजींना सांगितलंय.” मागून भटजींचाच आवाज ऐकू आला, “अहो, बारा वर्षं चतुर्दशी करून आता दशमी कशी?” आणि किरणचा, “चूक होती स्वामी. माझी नाही, पण चूक होती.”

दशमीला पान मांडलं गेलं. वडे, खीर, गवारीची भाजी. पिंड झाल्यावर किरण उठला, स्वयंपाकघरातून कागदाची पुडी घेऊन आला आणि बापाच्या पानावर उकडलेल्या शेंगा वाढल्या. वाफ येत होती त्यांना. तो पानासमोर उकिडवा बसून राहिला आणि मग आईकडे वळून, आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, “अम्मा, म्हणजे अप्पा आपल्याला सोडून नव्हते चालले. घरीच येत होते अल्वा?” (ना?)

“घरीच येत होते रे,” त्या म्हणाल्या. त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्या इतकं रडल्या की भटजीसुद्धा पंच्याने डोळे पुसायला लागले. मी खांबाआड उभी राहून रडले. समोर रडायचा मला हक्क नव्हता.

निघताना मी माफी मागितली. किरणने ती घेतली नाही, नाकारलीही नाही. म्हणाला, “आता पुन्हा लिहाल तर सजवू नका मॅडम. झालं तेवढंच लिहा.”

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. मंड्याच्या बाजूची उसाची शेतं मागे पळत होती. डोक्यातली तयार दोन पानं पुसून टाकली. पुनर्मूल्यांकन करायला निघाले होते जॉनीचं, आणि झालं कोणाचं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याची गाणी मी अजून ऐकते, ती होती तितकीच भारी आहेत; त्यांना माझ्या नदीची कधीच गरज नव्हती. मग वही उघडली आणि नव्या लेखाचं पहिलं वाक्य लिहिलं. लेख तिथेच संपला असता तरी चाललं असतं.

‘जनार्दन माने हुणसूरहून साडेपाचच्या बसने, मुलासाठी शेंगा घेऊन, घरी येत होते.’