माझ्या नणंदेची सून आणि जगभरातली पोटं

या पृथ्वीच्या पाठीवर असा एकही माणूस नसेल, ज्याच्या पोटाची माझ्या नणंदेच्या सुनेला काळजी नाही. पोटविकाराची डॉक्टर आहे ती. मोशीत आमच्या बिल्डिंगसमोरच दवाखाना. पण दवाखान्यापुरतं डॉक्टर राहणं तिला जमत नाही. एका लग्नात शेजारच्या पाहुण्याला तिने भर जिलबीत विचारलं, "रोज साफ होतं ना?" पाहुण्याचा घास हातातच राहिला आणि वाढपी पुढच्या पानाकडे पळाला. मी तिच्या वयाची असताना माझं वैद्यकज्ञान ओव्यापासून सुरू होऊन हिंगापाशी संपायचं, आणि तेवढ्या भांडवलावर मी अख्ख्या आळीला सल्ले द्यायचे. तेव्हा तिला हसायचं कुठल्या तोंडाने? तरी हसतेच.

चाकणच्या कंपन्यांमधली पोरं तिच्याकडे फार येतात. एकाची जळजळ काही केल्या थांबेना. गोळी बरोबर, डोस बरोबर, तरी हा छातीवर हात ठेवून हजर. शेवटी तिने विचारलं, "तुला गोळी देतं कोण?"

"आई देती की. सकाळी आजीची बीपीची, आबाची शुगरची, त्यातच माझी. रांगेनं."

"आणि त्याआधी तू काय करतोस?"

"रात्रपाळीवरनं येतो. पहाटं कँटीनमधी जेवल्यालो असतो. गोळी घेतली की झोपतो."

उपाशीपोटी घ्यायची गोळी हा भरल्या पोटी घेत होता! शेतात सोन्याचा हंडा सापडावा तशी ती हरखली. मग प्रत्येक रात्रपाळीवाल्याला तोच प्रश्न. घरोघरी तीच रांग निघाली.

देशोदेशीचे पोटाचे डॉक्टर अधूनमधून कॉम्प्युटरवर जमतात आणि आपापलं संशोधन एकमेकांना सांगतात. तिथे तिला दहा मिनिटं मिळाली. दवाखान्यात पेशंट दार ठोठावतात, म्हणून बैठक माझ्या हॉलमध्ये. "मामी, त्यांना पटलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात," म्हणाली. पण बोलायला लागली ती न अडखळता, इंग्रजीत. मी नवी नवरी असताना हळदीकुंकवाला माइकवर उखाणा घ्यायला उभी राहिले आणि नवऱ्याचं नावच विसरले होते.

पण एका पांढऱ्या मिशीवाल्या डॉक्टरच्या कपाळावर आठ्या. पेशंटला नीट समजावलं की झालं, यात संशोधन कसलं, असं त्याचं म्हणणं. तिने माझा दंड धरून मला कॅमेऱ्यापुढे ओढलं.

"मामी, तुमच्या घरात गोळ्या कोण देतं?"

"मी! देवपूजा झाली की सगळ्यांना एकदम."

"कुणी म्हणालं, माझी नंतरची आहे, तर?"

"म्हणून तर बघू दे!"

तिने ते इंग्रजीत सांगितलं. मग लांबच्या कुठल्याशा देशातली एक डॉक्टरीण हसायला लागली. माझी आईही अशीच देते, आणि मी डॉक्टर असून गुमान घेते, म्हणाली. मिशीवालाही हसला. गोळी कोण देतं आणि केव्हा, हे आता सगळेजण आपापल्या देशातल्या पाळीवाल्यांना विचारणार, असं ठरलं.

चहा टाकते म्हटलं, तर "पेशंट बसलेत, मामी," म्हणत चपला घालून निघालीसुद्धा. मी गॅलरीत आले. ती रस्ता ओलांडत होती, थकलेली, इवलीशी. खाली कंपनीची बस थांबली होती. दुसऱ्या पाळीची पोरं डबे सांभाळत चढत होती. ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, ती बघा, आत्ता तुमच्यासाठी साऱ्या जगाशी बोलून आली. पण तिने हात करून बसला आधी जाऊ दिलं, आणि त्यातल्या एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही.