परक्याच्या फोनात

राजेश्वरी कामाला बसली आणि तिची नजर खिडकीबाहेर गेली नाही, असा दिवस अजून उगवायचा आहे. नगरला दीड खोलीच्या घरात तिचं ऑफिस. लोक फोनवर काही शोधतात तेव्हा आपल्या गिऱ्हाइकाचं नाव वर दिसावं, म्हणून त्याच्या वेबसाइटची मशागत करायची, हे तिचं काम. त्याला एसईओ म्हणतात. तिची आई ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ म्हणते. लांब कुठेतरी कुणी फोनवर दोन शब्द लिहीत असेल, ते राजेश्वरीला बसल्या जागी दिसायचं. ठाण्यातली एखादी दमलेली बाई, डोंगर शोधणारी. त्या बाईच्या मागे मागे ती अशी हिंडून यायची, की समोरच्या चहाचं पार पाणी होऊन जायचं.

त्याआधी सहा वर्षं ती नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीला होती. तिथं सगळं सरळ. भोकात मापाचा गेज बसला तर माल पास, नाही बसला तर बाजूला. शिक्का मारताना तिचा हात कधी अडला नाही. आता मात्र गिऱ्हाईक आल्या आल्या विचारायचं, “पहिल्या नंबरची गॅरंटी देता ना?” आणि ही बया खरं सांगून मोकळी व्हायची: मेहनत माझी, नंबर लावणारं यंत्र माझ्या हातात नाही. तीन गिऱ्हाइकं अशी उठून गेली. कुणालाही तिचा रागच यावा.

उरल्या मालनबाई. राजूरच्या पुढे डोंगरात त्यांच्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या. पावसाआधी झाडांवर काजवे उतरतात, त्या पंधरा-वीस दिवसांवर त्यांचं वर्ष चालायचं, आणि गेल्या वर्षी खोल्या अर्ध्या रिकाम्या राहिल्या होत्या. पुण्याची एक कंपनी त्यांना पहिल्या नंबरची लेखी गॅरंटी द्यायला तयार होती.

एका सकाळी त्यांचाच फोन आला. “मॅडम, आला! पयला नंबर आला! मी सोता बघितला. आता येवढंच लिहून द्या, का ह्यो नंबर हलनार न्हाई. मंग पुन्यावाल्यांना मी नको म्हनते.”

राजेश्वरीने आपल्या फोनवर पाहिलं. पहिल्या पानावर मालनबाईंचं नावही नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं. मालनबाई दिवसातून दहा वेळा आपलंच पान उघडून बघत होत्या. त्यांच्या फोनला त्यांची आवड कळली होती आणि तो लाडाने तेच वर दाखवत होता.

लिहून दिलं असतं तर कुणाला कळणार होतं? दुपारभर ती मनात मांडे खात बसली. कागदावर सही, वर्षाचं काम, मालनबाईंचं हसू. काजव्यांनी लगडलेलं झाडसुद्धा तिला दिसलं. पण त्या झाडाखाली पाहुणा कोणी दिसेना. चुकीच्या मालावर शिक्का मारणारा हात तिचा नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने पहाटेची एसटी धरली.

राजूरला बाजार भरला होता. मागचे डोंगर उन्हात धुरकट, असून नसल्यासारखे. घ्यायला आलेल्या मालनबाईंनी स्टँडवरच आपला फोन पुढे केला, डोळे नुसते चमकत होते.

“मावशी, एकदा परक्याच्या फोनात बघू,” राजेश्वरी म्हणाली.

चहा पीत बसलेल्या कंडक्टरने आपला फोन दिला. तिने लिहिलं: राजूर काजवे मुक्काम. पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानावर, पार खाली, मालनबाईंच्या खोल्या सापडल्या.

मालनबाईंचा चेहरा उतरला. राजेश्वरीने सगळं समजावलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “म्हंजी मी रोज आरशात बघत हुते म्हन की.”

“आधी तुम्ही सहाव्या पानावर होतात, मावशी. आता दुसऱ्यावर आलात. अजून वर न्यायला जिवाचं रान करीन. पण लिहून नाही देता येणार.” बोलताना ती रडायच्या बेतात आली होती. शेवटचं गिऱ्हाईकही गेलं, असंच तिला वाटलं.

तेवढ्यात मालनबाईंचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठाच. ठाण्याहून एक बाई बोलत होती, दमल्यासारखी, थांबत थांबत. राजेश्वरीने तो आवाज लगेच ओळखला, कधीच ऐकला नव्हता तरी.

“काजवे नक्की दिसतील ना?”

“नक्की कसं सांगू, ताई?” मालनबाई सवयीने म्हणाल्या. “त्यांच्या मनावर हाय. झाडं हाईत, अंधार लई हाय. हवा दमट झाली का येत्यात. न्हाई आले तर भाकरी चांगली घालीन, येवढं माझ्या हातात.”

पलीकडे ती बाई हसली. “येतो आम्ही. दोन दिवस ठेवा खोली.”

मालनबाईंनी फोन पिशवीत टाकला आणि डोंगराकडे बघत राहिल्या. मग राजेश्वरीचा हात धरला.

“पुन्यावाल्यांना नको सांगते, पोरी. तू कर तुझं काम. पन दर बाजारी परक्याच्या फोनात बघायचं. माझ्यात न्हाई.”