आठ जीबी मोकळी जागा

टॅब मुलीचा, तिच्या शिक्षणासाठी घेतलेला. ती नोकरीला बंगळुरूला गेली तेव्हा तो जळगावला राहिला. तिच्या बाळंतपणासाठी बायको तिकडे गेली, तेव्हा टॅब माझ्याकडे आला. चार महिन्यांनी परतायचं ठरलं होतं. पण मुलगी कामावर रुजू झाली, बाळाला सांभाळायला कोणी नव्हतं, आणि बायकोचा मुक्काम लांबत गेला. घरात मी एकटा.

संध्याकाळचा व्हिडिओ कॉल एवढंच काय ते बोलणं, म्हणून टॅब चालता ठेवणं मला भाग होतं. बत्तीस जीबीचा जुना टॅब. चौथा हिस्सा, म्हणजे आठ जीबी, मोकळा राहिला तर कॉल अडकत नाही, हे मी करून पाहिलं होतं. मी गिरणीत हिशेब पाहतो, तशीच शिस्त इथेही लावली. न लागणारी अ‍ॅप काढली, मागे चालू राहणारी बंद केली. दर रविवारी व्हिडिओ चाळायचे, वाईट निघतील ते पुसायचे, कचरापेटीही रिकामी करायची आणि टॅब बंद करून पुन्हा सुरू करायचा.

बाळाचे व्हिडिओ रोज येत, सगळे बायकोच्याच फोनवरून. आवाज लावला की टॅब अडखळे, म्हणून मी ते मुकेच पाही. स्वच्छ, स्थिर ते ठेवायचे. हललेले, अंधारे, नुसतं छत किंवा पंखा दिसणारे पुसायचे. असले बरेच येत. फोन बाळाच्या हाती लागत असेल, असं मी धरून चाललो होतो.

थंडी सुरू झाली. एका रविवारी बायकोने दुपारीच कॉल केला आणि विचारलं, भरताची वांगी आली का बाजारात. मी म्हणालो, केव्हाच आली.

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"केव्हा विचारलंस?"

"व्हिडिओत," ती म्हणाली. मागून जावयांचा आवाज आला, तशी ती बाळाच्या दुधाचं बोलू लागली.

त्या रविवारची कचरापेटी अजून रिकामी केली नव्हती. आत सहा व्हिडिओ होते. पहिला आवाज लावून सुरू केला. पडद्यावर पंखा. फोन बहुधा गादीवर उताणा ठेवलेला, शेजारी बाळाचं हुंकारणं. आणि तिचा आवाज, अगदी हळू. जळगावात आम्ही चारचौघांसारखं मराठी बोलतो. तिचं माहेर अमळनेरजवळचं, माझं गाव यावलकडचं, बोलीही एक नाही. तिची अहिराणी फक्त आमच्या स्वयंपाकघरात निघे. तीच इथे निघाली होती.

"जेवनात का? आठे बठ्ठं शे. पन बोलाले कोनी नही."

जेवलात का; इथे सगळं आहे, पण बोलायला कोणी नाही. टॅब दोनदा अडखळला, तरी वाक्य पुरतं कळलं. बाकीच्या पाचांतही तीच होती. एकात विचारलं होतं, भरताची वांगी निघाली का. एकात काहीच नव्हतं, नुसती पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज. स्वच्छ व्हिडिओ सगळे मुलीने काढलेले होते. अंधारे हिचे. आधीच्या रविवारी पुसलेले परत येणार नव्हते.

सहाही परत जागेवर घेतले. मग बाजारात जाऊन एक मोठं वांगं आणलं, गॅसवर भाजायला ठेवलं, आणि टॅब मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला. मी तिच्या बोलीत बोललो की ती नेहमी हसते, माझे शब्द यावलकडे वळतात म्हणून. तरी तसाच बोललो. वांगं आलं, आता जेवतो, एकट्याला एक वांगंही जास्त होतं, असं सांगितलं. नंतर पाहिलं तर चित्रात माझी अर्धी बाही आणि बाकी धूर होता. तसाच पाठवला.

त्यानंतर मी एकही व्हिडिओ पुसला नाही. मोकळी जागा आठच्या खाली गेली. संध्याकाळी कॉल अडकू लागला. मुलगी म्हणाली, "बाबा, टॅब साफ करा ना. तुमचा चेहरा पण दिसत नाही."

बायको तिच्यामागे बाळाला घेऊन उभी होती. मुलगी-जावयांसमोर ती कधी अहिराणी बोलत नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "शे तसंच बरं शे."